भादरलेली मिरी

आष्ट्याच्या आसपास म्हैस भादरावी तर केरबानं, असं लोक म्हणत, आणि केरबा ते अगदी कान देऊन ऐकत असे. वस्तरा त्याच्या हातात आला की दांडगी म्हैसही डोळे मिटून उभी राहायची. अंगावरचा एकूण एक केस उतरवायचा, शेपटीच्या टोकाला गोंडा तेवढा राखायचा, मग तेलाचा हात फिरवायचा. म्हैस अशी चकाकायची की मालकानं तिच्या पाठीत बघून भांग पाडावा. एवढी एक कला अंगात असली की माणसाला हळूहळू वाटायला लागतं, चार पायांचं जे काही म्हणून आहे ते सगळं आपल्याला कळतं. केरबाला तर ते फार वर्षांपासून वाटत होतं, आणि त्याला तसं नाही म्हणून सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

क्रांती, त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती गाडीतून एक कुत्री घेऊन उतरली. काळीभोर, उंच पायांची, आणि मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत अंगभर बारीक बारीक घट्ट कुरळे केस. तोंड तेवढं गुळगुळीत. नाव मिरी. क्रांतीचं सासर वाईला. तिचा नवरा ऋषिराज धोम धरणाच्या पाण्यात पर्यटकांना होडीतून फिरवायचा, आणि मिरी त्याच्या होडीत पुढं बसायची. कुणी हौशी माणूस फोटो काढता काढता पाण्यात पडला की मिरी दोराचं टोक तोंडात धरून उडी घ्यायची आणि त्याच्यापर्यंत पोचवायची. जात विलायती. तिकडं म्हणे शिकारी लोकांनी पाण्यात पडलेली बदकं आणायला ही कुत्री तयार केली. कर्ली कोटेड रिट्रीव्हर असं लांबलचक नाव ऋषिराज सांगायचा, ते केरबाच्या तोंडात कधी बसलं नाही.

"बाळंतपणाला आलीस का बिऱ्हाड घिऊन?" केरबा म्हणाला खरा, पण लेकीच्या पोटाकडे बघून गप्प बसला. मिरी क्रांतीवाचून जेवत नव्हती, म्हणून आणावी लागली होती.

मिरी परक्याच्या गळ्यात पडणारी नव्हती. केरबाला तिनं आधी लांबूनच जोखला. मग एका सकाळी आपणहून येऊन त्याच्या पायाशी बसली. त्या दिवशी केरबानं गावात तीन ठिकाणी सांगितलं की जनावराला माणूस कळतो.

दवाखान्यात जायची वेळ जवळ आली तशी क्रांतीनं त्याला अंगणात बसवून सगळं समजावून दिलं. "आबा, हिचं अंग म्हशीगत न्हाई बरं का. हिला विंचरायचं न्हाई. विंचरलं की कुरळं पार फिस्कारतंय. हात वला करायचा आन असा गोल गोल फिरवायचा, बास. साबण कवातरीच. कानापाशी एकांदा केस लांबला तर कातरीनं तेवढंच टोक घ्यायचं. वस्तरा तर जवळ न्यायचा न्हाई. हिला आत दुसरी लव नसतीया, वर हाय तेच तिचं सगळं. पाणी, काटा, ऊन, समदं त्याच्यावरच अडतंय."

"व्हय, व्हय," केरबा म्हणाला. लेकीचं बोलणं संपायच्या आत त्यानं तीन वेळा मान हलवली. जनावरात ज्याचा जन्म गेला त्याला पोरीनं शिकवावं, याचं त्याला मनातून हसू येत होतं.

मग एक दिवस कळा सुरू झाल्या आणि चंद्राबाई, म्हणजे केरबाची बायको, लेकीला घेऊन सांगलीला गेली. गाडीत बसताना क्रांती मिरीला म्हणाली, "आबांपाशी थांब." मिरी फाटकाशी बसली. गाडी दिसेनाशी झाली तरी बसूनच राहिली. केरबानं भाकरी कुस्करून दुधात घातली, ती तिनं दुपार कलल्यावर खाल्ली.

क्रांतीला मुलगी झाली. पोट फाडून बाळ काढावं लागलं, त्यामुळे मायलेकींना दवाखान्यात बरेच दिवस राहावं लागणार होतं. केरबानं गल्लीत पेढे वाटले. पेढा खायला शेजारचा तात्याबा आला आणि अंगणात मिरीकडे बघून म्हणाला, "केरबा, गड्या, नात झाली, पर हे तुझं कुत्रं बघ की. पार धुळीनं माखलंय. तुझ्या दारात असलं जनावर शोभतं व्हय?"

केरबाला ते लागलं. त्यानं गोठ्यातला खरारा आणला आणि मिरीला मानेपासून शेपटीपर्यंत चांगली खरवडून विंचरली. क्रांतीचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण धूळ तर काढायलाच पाहिजे, असं म्हणून त्यानं ते बाजूला सारलं. विंचरून झालं आणि घट्ट बसलेलं कुरळं सुटून चारी बाजूंनी फुललं. मिरी होती त्याच्या दुप्पट दिसायला लागली. फाटकाबाहेर बायका थांबून हसायला लागल्या. तात्याबानं तर भर चौकात विचारलं, "नाथाजीनं मेंढरू दिलं का रं तुला?"

नाथाजी हा जतकडचा मेंढपाळ. दरसाल उन्हाळ्यात ऊस तुटला की केरबाच्या रानात तो खतासाठी मेंढरं बसवायचा, तशी त्या वर्षीही बसवली होती. त्यामुळे चौकातल्या सगळ्यांना विनोद कळला आणि सगळे हसले. केरबाही हसला, पण घरी येईपर्यंत त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. म्हशीच्या अंगावर एक केस दिसू न देणारा माणूस, आणि त्याच्या दारात हे असलं ध्यान! लोकांचं हसणं त्याला सोसायचं नव्हतं, एवढीच खरी गोष्ट होती. उन्हाळा आहे, काळं जनावर आहे, अंगावर एवढा पसारा, बिचारीला गरम होत असेल, हे सगळं त्यानं मागाहून जमवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मिरीला हौदापाशी घेतली, साबणाचा फेस केला आणि वस्तरा काढला. मिरी हलली नाही. अंगाला बारीक कापरं भरलं होतं आणि डोळे फाटकाकडे लागले होते, पण क्रांतीनं थांब म्हटलं होतं म्हणून ती थांबली होती. केरबाला मात्र वाटलं की आपला हात जनावरं ओळखतात. काळ्या कुरळ्या केसांचा ढीग हौदाच्या कडेला पडत गेला. शेपटीच्या टोकाला त्यानं झोकात गोंडा राखला. मग खोबरेल चोळलं. तात्याबा बघायला आला, मागं सरून बघितलं, जवळ येऊन बघितलं, आणि म्हणाला, "आता कसं! जनावर दिसाय लागलं." केरबाची छाती भरून आली. मिरीला पाण्याचं वेड म्हणून त्यानं तिला तिथंच हौदाच्या कडेला बांधली आणि तो रानात गेला. वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो नाथाजीशी बोलत बांधावर बसला होता.

तो परत आला तेव्हा मिरीनं दावं तोडलं होतं. ती गोठ्यात गव्हाणीखाली शिरून बसली होती आणि हाक मारली तरी बाहेर येईना. संध्याकाळी त्यानं तिला ओढून काढलं. पाठीची कातडी लालबुंद झाली होती. सकाळपर्यंत तिच्यावर फोड आले, आणि मिरी मान वळवून वळवून ते चावायला लागली. जन्मात कधी ऊन न बघितलेली कातडी होती ती. त्यावर यानं तेल चोळून तिला उन्हात तळत ठेवली होती. त्यानं लोणी लावलं, हळद लावली, कडुनिंबाचं पाणी घातलं. गुरांच्या डॉक्टरला बोलवावं असं मनात आलं, पण डॉक्टर पहिलं विचारणार, भादरलं कुणी? केरबानं डॉक्टरला बोलावलं नाही.

त्याच दुपारी सांगलीहून फोन आला. बाळ दूध पितंय, टाके दुखतायत, असं सगळं सांगून झाल्यावर क्रांतीनं विचारलं, "आन मिरी कशी हाय?"

"मजेत हाय की," केरबा म्हणाला. फोन ठेवल्यावर तो तसाच वसरीच्या पायरीवर बसून राहिला. आपण लेकीशी कधी खोटं बोललो होतो का, ते त्याला आठवेना.

मायलेकी घरी आल्या त्या दिवशी चंद्राबाई गाडीतून उतरायच्या आधीच गल्लीतल्या बायका अंगणात जमल्या. बाळ-बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. क्रांती उंबऱ्यात पाऊल टाकणार, तेवढ्यात तिचा आवाज ऐकून मिरी गव्हाणीखालून निघाली आणि धावत आली. उघडं, खपल्या धरलेलं, जागोजागी हळदीनं पिवळं झालेलं अंग घेऊन ती पळत येताना बायका बाजूला झाल्या.

क्रांती जागीच थांबली. "हिला काय झालं, आबा?"

खरं सांगायला केरबानं तोंड उघडलं. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत होत्या. त्यातल्या निम्म्याजणींच्या गोठ्यातली म्हैस त्यानं भादरली होती.

"खरूज झालीया," तो म्हणाला. "डॉक्टर बघून गेला. त्यानंच भादराय लावली."

एक शब्द बाहेर पडला आणि मागचे आपोआप आले. क्रांतीनं बाळाला छातीशी धरलं आणि पाय मागं घेतला. मिरी तिच्यापासून हातभर अंतरावर होती, शेपूट हलवत होती. चंद्राबाई ओरडली, "आवं, लांब बांदा तिला. लेकराला लागंल." केरबानं मिरीच्या गळ्यात दावं अडकवलं आणि तिला ओढत गोठ्यात नेली. मिरी मागं बघत बघत गेली.

संध्याकाळी क्रांती त्याला म्हणाली, "बरं झालं आबा, तुमी हुता. तुमी बघितलंसा म्हणून निभावलं. दुसऱ्या कुणी एवढं केलं नसतं."

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली असती त्यापेक्षा हे फार होतं. त्यानं काहीतरी पुटपुटून ताट पुढं ओढलं आणि एक घासही न खाता ते परत सारलं.

तेव्हापासून त्याचं जिणं अवघड झालं. मिरी दिवसभर बाळंतिणीच्या खोलीकडे तोंड करून बसायची आणि मधूनच कुईकुई करायची. सुरुवातीला क्रांती खिडकीतून तिच्याशी बोलायची. पण आवाज ऐकला की मिरी दाव्याला हिसडे द्यायची, गळा खरचटून घ्यायची. मग क्रांतीनं खिडकी लावून घेतली. केरबा मिरीच्या अंगाला लोणी लावायला जायचा तेव्हा ती त्याच्याकडे न बघता पडून राहायची. तात्याबाला तो दाराबाहेरच गाठायचा, चहा पाजायचा, तंबाखू द्यायचा. एकदा त्याला म्हणाला, "खरूज हुती गड्या. तुला तवा दिसली नसंल."

तात्याबानं त्याच्याकडे बघितलं, तंबाखू मळत राहिला, आणि म्हणाला, "असंल." इतक्या वर्षांच्या दोस्तानं आपलं खोटं असं न बोलता पदरात घ्यावं, याची केरबाला चौकातल्या हसण्याहून जास्त लाज वाटली. सांगून टाकावं असं रोज सकाळी वाटायचं. बाळंतीण आहे, टाके ओले आहेत, आत्ता नको, असं रोज दुपारी वाटायचं.

बारशाला ऋषिराज वाईहून आला. आल्या आल्या तो गोठ्यात गेला आणि मिरीला बघून त्याचा चेहरा उतरला.

"मामा, डॉक्टर कोण होते? नंबर द्या, मी बोलतो त्यांच्याशी. या जातीला औषध जपून द्यावं लागतं."

"नवीन हुता," केरबा म्हणाला. "बदलीवर आल्याला. गेला बी आता."

ऋषिराजनं सासऱ्याच्या शब्दावर पुढं विचारलं नाही. त्यानं खाली मान घालून "बरं" म्हटलं, आणि केरबाला वाटलं, यानं दोन गोष्टी उलट विचारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाळणा झाला, नाव ठेवलं, पंगत बसली. अंगणात मांडवाखाली पाहुणे जेवत होते. नाथाजीही जेवायला आला होता. उद्या त्याचा कळप जतकडे निघणार होता. वाढता वाढता चंद्राबाईनं विषय काढला. लेकरू एवढंसं, आणि दारात खरजेचं कुत्रं. वाईला एकाच घरात दोघं कशी राहायची? पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"मी नेतो की," नाथाजी म्हणाला. "मेंढरांमागं हिंडंल. खरजंचं काय एवढं, करंजाचं त्याल लावायचं. दिसभर उनात फिरलं की खरूज पळतीया."

ऋषिराज क्रांतीकडे बघायला लागला. क्रांती वसरीवर बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पदरानं डोळे पुसले. "न्या," ती म्हणाली. "बाळाला काय झालं तर मी कुणाला सांगू? न्या तुमी. पर पाणी असंल तिथं तिला पवू द्या."

नाथाजीनं हात धुतला आणि तो गोठ्याकडे निघाला. केरबा बुंदीचं पातेलं घेऊन उभा होता. जतचं ते रान त्यानं बघितलं होतं. कोसकोस झाड नाही, प्यायला टँकरचं पाणी. त्या उन्हात हे सोललेलं जनावर दिवसभर मेंढरांमागं पळणार. ते मेलं असतं. चार दिवसांत मेलं असतं, आणि मेलं तरी कुणाला कळलं नसतं. खरूज फार झाली होती असं नाथाजीनं सांगितलं असतं आणि सगळ्यांनी मान्य केलं असतं. गप्प बसलं की सुटका होती. केरबाला ती सुटका समोर दिसली आणि आपण क्षणभर तिच्याकडे आशेनं बघितलं, हेही त्याला कळलं.

"नाथाजी, थांब," तो म्हणाला. "तिला खरूज न्हाई."

पंगतीतले हात थांबले.

"खरूज नव्हतीच. डॉक्टर बी आला न्हवता. मीच भादरली तिला. म्हशीगत. क्रांतीनं नगं म्हणून सांगितलं हुतं, तरी भादरली. चौकात लोक हसाय लागलं म्हणून. आन मग त्याल लावून उनात बांदली. ती कातडी भाजल्याली हाय. मी खोटं बोललो."

मग तात्याबा हसला, मोकळं मोकळं हसला. त्याच्याही मनावरचं ओझं उतरलं असावं. "आरं केस ती, येत्याल की माघारी." त्याबरोबर सगळी पंगत हसायला लागली. चंद्राबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "येवढंच व्हय? आन मी बया काय काय मनात आणलं." नाथाजी परत पाटावर बसला. कुणीतरी म्हणालं, "केरबा, आता माजी बी हजामत कर." ऋषिराजही नाइलाजानं हसला. केरबानं शिव्या खायची तयारी केली होती. त्याऐवजी सगळ्यांनी त्याला फुकटात सोडलं होतं, आणि त्याच्याही ओठांवर ओशाळं हसू येऊ घातलं होतं. तेवढ्यात त्यानं लेकीकडे बघितलं.

क्रांती हसत नव्हती. रागावलीही नव्हती. बाळाला घेऊन ती सावकाश उठली, वसरीच्या पायऱ्या उतरून त्याच्यापाशी आली.

"केसांचं ऱ्हाऊ द्या, आबा," ती हळू म्हणाली. "केस येत्याल. न्हाई आलं तरी ती माजीच हाय. पर मी आले त्या दिवशी ती पळत आली आन मी पाय मागं घेतला. तवापास्नं रोज ती माज्या खोलीकडं तोंड करून बसतीया, आन मी खिडकी लावून घेती. तिला खरूज काय ठावं? तिला एवढंच ठावं, की लेकरू झालं आन हिनं मला टाकली."

केरबानं गोठ्याकडे बघितलं.

"धरा," क्रांती म्हणाली. तिनं त्याला पातेलं खाली ठेवायला लावलं आणि बाळ त्याच्या हातात दिलं. मग एक हात टाक्यांवर धरून ती गोठ्यात गेली आणि बारशाच्या नव्या लुगड्यानिशी शेणाच्या भुईवर बसली.

"मिरी," तिनं हाक मारली.

मिरीनं मान उचलून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पुढच्या पायांवर ठेवली. क्रांतीनं हात लांब केला. मिरी उठली नाही. आजवर तिच्या आवाजासरशी दावी तोडणारी ती, आता लांब केलेल्या हाताकडे बघत जागच्या जागी पडून राहिली. क्रांतीनं परत हाक मारली, आणि मग परत.

मांडवात पंगत पुन्हा सुरू झाली होती. कुणीतरी केरबाला म्हणालं, बाळ द्या इकडं आणि जेवून घ्या आता, झालं गेलं. त्यानं ते ऐकलं. नातीला दोन्ही हातांत धरून तो तिथंच उभा राहिला, आणि मान वर करून कुणाकडेही बघायची त्याची छाती झाली नाही.